उंद्रीजवळच्या मठातला कांद्याचा वाफा

बुलढाणा जिल्ह्यात फिरायला जाते म्हटलं की समोरचा माणूस लोणार सांगतो. लोणार मी दोनदा पाहिलंय, पुन्हाही जाईन. या डिसेंबरात मात्र मी चिखलीच्या पुढे, उंद्रीकडे गेले. तिथून थोडं आत एका कॅथलिक मठात माझी मैत्रीण जसिंता राहते आणि तिच्या आईला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

जसू आणि मी मूळच्या जालन्याच्या. इंजिनीअरिंगला हॉस्टेलच्या एकाच खोलीत होतो, नंतर एकाच कंपनीत. कारखान्यातल्या यंत्रांची थरथर मोजायची आणि कुठलं बेअरिंग जाणार ते आधी सांगायचं, हे आमचं काम. तिने ते सोडलं आणि मठात गेली. का, ते तिने मला दोनदा समजावून सांगितलं आणि मला दोन्ही वेळा समजलं नाही.

त्या रविवारी ती पहिली व्रतं, म्हणजे सिस्टर होण्याच्या शपथा, घेणार होती. काकू, म्हणजे तिची आई, रोज रोझरीची माळ म्हणणाऱ्या, पण मुलगी एकुलती एक आणि काका आता नाहीत. ती निघाली तेव्हा त्या रागात बोलून गेल्या होत्या, "तू व्रतं घेतलीस तर मी बघायला येणार नाही." आता त्यांना जायचंही होतं आणि शब्द मोडायचाही नव्हता.

"तू बघून ये बाई," त्या मला म्हणाल्या. "मनापासून आहे म्हणालीस तर मी जाईन. नसेल तर हाताला धरून घेऊन ये." मग लसणाच्या चटणीचा स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. "आणि डबा रिकामा धाडू नको म्हणावं. आपल्यात रीत नाही."

जालन्याहून देऊळगाव राजामार्गे चिखली हा रस्ता आता बराच चांगला आहे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्च किरकोळ. दोन्ही बाजूंना तूर उभी आणि मध्येच कपाशी. चिखलीच्या स्टँडबाहेर आलुपोंडा, म्हणजे इकडचा बटाटावडा, खाल्ला. गरम मिळाला तरच खा. तिथून खामगावकडे जाणारी गाडी उंद्रीला सोडते. पुढे ऑटो करावा लागतो आणि परतीचं आधीच ठरवून घ्यावं लागतं, कारण आतून दुसरं वाहन मिळत नाही.

ऑटोवाले सलीमभाई मठात किराणा पोचवतात.

"मिशनात जाऊन राह्यल्या का ताई? काऊन, कोनी हाय का तिथं तुमचं?"

"मैत्रीण."

"मंग भेट होईल, बोलनं नाही होनार. इतके वर्षं सामान टाकून राह्यलो, पन दारावरची एक सिस्टर सोडली तर कोनाचा आवाज ऐकला नाही. मले हॉर्न बी दाबू देत नाहीत. फाटकाशी जाऊन खोकलतो."

"आणि त्या येतात?"

"हाव, लगेच. घरी मी एवढा बोंबलतो तरी कोनी चहा आनून देत नाही अन् इथं खोकल्यावर देतात."

फाटकाशी ते खरोखरच खोकले आणि दार उघडलं.

दारावरच्या सिस्टर वयाने मोठ्या, वसईकडच्या. त्यांनी डबा घेतला, मला पाणी दिलं आणि मग सांगितलं की व्रतांआधीच्या आठवड्यात जसिंताची तपसाधना चालू आहे. म्हणजे पूर्ण मौन. भेटीच्या खोलीत ती येणार नाही. मी फोन करून आले होते, पण फोनवर 'येऊ का' एवढंच विचारलं होतं. 'बोलता येईल का' हे विचारायला हवं होतं. तुम्ही जाणार असाल तर विचारा.

"मग मी परत जाऊ?"

"बागेत या की. संध्याप्रार्थनेपर्यंत सगळ्याच बागेत असतात. पण नुसतं बसता येणार नाही, काम करावं लागेल."

"आणि चुकून बोलले तर?"

"रागवत नाही आम्ही. सगळ्या हातातलं काम खाली ठेवतो आणि शांतता परत आली की उचलतो."

बाग मोठी नाही. विहीर, शेवग्याची झाडं, मेथी-वांग्यांचे वाफे, एका कोपऱ्यात दगडी कोनाड्यात मारियामाता, तिच्यापुढे झेंडू. कुंपणाशी कडुनिंबाखाली पूर्वीच्या सिस्टरांच्या साध्या कबरी आहेत आणि त्यांच्यामध्येही कोथिंबीर लावलेली. ती खातात का, हे मला विचारायचं होतं. कोणाला विचारणार?

जसू मधल्या वाफ्याशी उकिडवी बसली होती. डोक्यावर पांढरं वस्त्र, हाताला काळी माती. तिने मला पाहिलं, मान हलवली आणि शेजारची जागा दाखवली. मिठी नाही. मलाही ती फारशी जमत नाही, तरी वाईट वाटलं.

माझ्या हातात खुरपं आलं. मी ठरवून एका टोकापासून सुरुवात केली आणि ओळीतलं बारीक गवत मुळासकट काढत पुढे सरकत गेले. काम नीट होतंय याचं समाधान वाटायला लागलं तेवढ्यात जसूचा हात माझ्या मनगटावर आला. तिने माझ्या ढिगातली एक काडी उचलली, बोटांत चुरडली आणि माझ्या नाकाशी धरली.

कांदा. मी लव्हाळा समजून कांद्याची रोपं उपटत आले होते. अख्खी ओळ.

जसूचे खांदे हलायला लागले. हॉस्टेलवर मेस बंद झाल्यावर आम्ही चोरून मॅगी करायचो तेव्हा ती अशीच आवाज न करता हसायची. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. या वेळीही आलं. पण मग खांदे थांबले आणि पाणी थांबलं नाही. ते हसण्याचंच होतं की दुसरं काही, मला ओळखता आलं नाही.

यंत्र बिघडायला लागलं की त्याचा आवाज बदलतो. माझं सगळं शिक्षण त्या आवाजावर आहे. इथे आवाजच नव्हता. आणि रविवार चार दिवसांवर आला होता.

"जसू, मनापासून आहेस ना इथे?"

मी हळूच विचारलं होतं, तरी विहिरीपर्यंत गेलं असावं. रहाट थांबला. एकेक करत सगळ्यांनी खुरपी, पाट्या, झाऱ्या खाली ठेवल्या. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. जसूने दोन्ही तळवे मातीवर ठेवले आणि डोळे मिटले. अख्खी बाग माझ्यामुळे थांबली होती. मीही खुरपं खाली ठेवलं.

मग रहाट पुन्हा फिरला. सगळ्यांनी कामं उचलली. जसूने सगळ्यांत शेवटी. ती विचार करत होती, की प्रार्थना संपवत होती? मी तिच्याकडे बघत राहिले. तिने माझ्या ढिगातली रोपं घेतली आणि एकेक करून परत लावायला लागली.

रात्री मी तिथेच राहिले. पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. स्वच्छ, पांघरूण पुरेसं. दर नाही, पेटीत टाकाल ते. जेवण वरण, भाकरी, वांग्याची भाजी. चटणी ताटात नव्हती. मौनात चटणी वर्ज्य असते, की ती जसूकडेच पोचली, हेही कळलं नाही.

सकाळी जसू दिसली नाही. फाटकाशी सिस्टरांनी डबा परत दिला. तो जड होता.

"सरळ धरा, ओलं आहे."

"कोणी भरला?"

"स्वयंपाकघरातून आला," त्या म्हणाल्या आणि सलीमभाईंना चहा द्यायला वळल्या.

एसटीत मी डबा मांडीवर धरून बसले. उघडला नाही. तो काकूंचा होता.

जालन्यात काकू दारातच उभ्या होत्या. मी जे पाहिलं ते तसंच सांगितलं. हसली. डोळ्यांत पाणी होतं. मी विचारलं तेव्हा बोलली नाही. काम सगळ्यांत शेवटी उचललं. तब्येत चांगली आहे.

"म्हणजे काय समजायचं?"

"मला माहीत नाही, काकू."

त्यांनी डबा उघडला. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली कांद्याची रोपं होती, मुळांना काळी माती तशीच. काही मधोमध मोडलेली. ती मीच मोडली होती, उपटताना.

काकूंनी त्यातलं एक रोप उचलून पाहिलं. मग एकदम हसल्या, जसूसारख्या नाही, मोठ्याने. "काय येडी पोरगी आहे! माझ्या गॅलरीत एक कुंडी, तिच्यात तुळस, आणि ही कांदे धाडते!"

त्यांनी तुळशीभोवती गोल रोपं लावायला घेतली. मोडलेलीही. मी म्हटलं की मोडलेली जगणार नाहीत. त्या म्हणाल्या, "तिने धाडलीत ना? मग लावायची."

डबा जसूनेच भरला असं मी खात्रीने सांगू शकत नाही, आणि तसं मी काकूंना सांगितलंही. त्यांनी ऐकून घेतलं. मातीचे हात साडीला पुसले.

"रविवारी देऊळगावावरून जाणारी पहिली गाडी कधी आहे गं? आणि पुढची सीट धर. मला मागे मळमळतं."

तिथे राहून काय मिळालं, असं मला विचाराल तर माझ्याकडे नोंदण्यासारखं काही नाही. जसू आनंदात आहे का, हे मला आजही माहीत नाही. काकूंना कांद्यांत काय दिसलं, तेही नाही. मी रविवारी येणार आहे का, हे त्यांनी विचारलं नव्हतं. मी दोन सीटा धरल्या.