बसमध्ये भरलेले सहा आठवडे

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे आणि कागद पूर्ण ठेवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. पोषण आहाराची नोंद, हजेरी, मुलांची उंची-वजनं, पाण्याची टाकी धुतल्याचा तक्ता, हे सगळं रोजच्या रोज भरायचं असतं आणि मी ते शनिवारी एकदम भरतो. तपासणीला साहेब आले की रिकामा रकाना दिसता कामा नये, एवढंच बघायचं. सगळेच आकडे सारखे दिसले तर संशय येतो, म्हणून मधूनच एखादा कमी-जास्त टाकायचा. बावीस वर्षांत माझ्या एकाही रजिस्टरवर लाल शेरा आलेला नाही. पूर्वी हे मी कौतुकाने सांगायचो.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. आई गेल्यापासून ते पेडगावात आमच्यासोबतच राहतात, आणि मी तिथून रोज मोटारसायकलवर मानवतकडच्या शाळेत जातो. दोन वर्षांपूर्वी त्यांना लघवीला त्रास सुरू झाला. तपासण्या करत करत मोठ्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा कळलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो हाडांत उतरला आहे. डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं. मग म्हणाले, आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे, काही पेशंटना इंजेक्शनच्या जोडीला गोळ्या देऊन बघतोय, याल का त्यात?

दादा बाहेर आल्यावर म्हणाले, "या वयात मला कसला आभ्यास लावायलेत? शाळा सोडून साठ वरसं झाली."

पण आले. अंगठा नाही, सही केली, अक्षरं लावून लावून, पूर्ण नाव लिहून.

त्या दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल होतं. तिथे संशोधनाचं काम बघणाऱ्या बाई बसत. डॉक्टर पेशंट तपासत आणि बाई कागद तपासत, आणि मधेच दोघं एकमेकांना काहीतरी दाखवत. बाईंनी मला एक निळी फाइल दिली. दर रविवारी एक पान भरायचं. पाठ दुखते का, लघवीला किती वेळा उठावं लागतं, थकवा किती, पायाला मुंग्या येतात का. प्रत्येकाला शून्य ते दहा आकडा. दर सहा आठवड्यांनी दादांना दाखवायला आणताना सहा पानं सोबत आणायची.

"दादांना विचारून भरा सर," बाई म्हणाल्या. "पाठदुखी चारच्या वर गेली किंवा पायात काही वाटलं तर भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. गाठ मणक्यात वाढली तर पायाकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जातात. माणूस चालता असताना आम्हाला कळलं तर बहुतेक वेळा तो चालता राहतो. पाय गेल्यावर कळलं तर ते परत येतीलच असं सांगता येत नाही."

मी मान हलवली. प्रशिक्षणात हलवतो तशीच.

पहिले सहा आठवडे मी खरोखर विचारलं. रविवारी चहा झाला की ओट्यावर फाइल घेऊन बसायचो. बापाला लघवीबद्दल विचारायचं म्हणजे मलाच घाम फुटायचा. दादा रस्त्याकडे बघत म्हणायचे, "बरं हाय. लिव." पाठ? "बरं हाय." थकवा? "वय झालं की आता. लिव बरं हाय." मी शून्य लिहायचो, थकव्याला दोन. सहाव्या रविवारी तर मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "बरं हाय," आणि उठून म्हशीकडे गेले.

पुढचे सहा आठवडे फाइल कपाटावर राहिली. सहामाहीच्या निकालाचे कागद, मग तुरीची काढणी, मग शाळेचं स्नेहसंमेलन. रविवार यायचा आणि जायचा. मला वाटायचं, विचारून तरी काय, बरंच हाय म्हणणार.

भेटीच्या दिवशी पहाटेच मोटारसायकलवरून मानवतला आलो आणि पहिली एस.टी. धरली. दादा खिडकीपाशी, मी शेजारी. पाथरी मागे पडल्यावर मला फाइलची आठवण झाली. मोबाईलवर कॅलेंडर उघडून सहा रविवारांच्या तारखा काढल्या आणि मांडीवर फाइल ठेवून भरायला लागलो. पाठदुखी शून्य, शून्य, एक, शून्य. ते एक मी मुद्दाम टाकलं, खरं वाटावं म्हणून. रस्त्याचं काम चालू होतं, बस आदळत होती. एका खड्ड्यात दादांनी पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला. "आरं," म्हणाले. मी वर न बघता म्हणालो, "थांबा दादा, एवढं होऊ द्या." ते म्हणाले, "न्हाई, लिव तू." अर्ध्या तासात सहाही पानं झाली. मी पेनला टोपण लावलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे मला नीट आठवतं.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी पानं चाळली, छान आहे म्हणाले. दादांना विचारलं, काय त्रास? दादा म्हणाले, "बरं हाय सायेब." इंजेक्शन झालं. आम्ही परत आलो.

नवव्या दिवशी सकाळी दादा बाजेवरून उठले ते उठलेच नाहीत. म्हणजे कमरेवरचा भाग उठला. पाय तसेच पडून होते. ते आपल्या पायांकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. बायकोने गाडी बोलावली. वाटेत मी फोन केला, बाई म्हणाल्या सरळ इकडेच या. त्याच दिवशी मोठ्या मशीनवर फोटो काढले, सलाईनमधून औषध दिलं, दुसऱ्या दिवसापासून मणक्याला किरणांचा शेक द्यायला लागले. त्या दिवसांत मला काहीही वाटलं नाही. मी कागद नीट लावत होतो, पावत्या, रिपोर्ट, तारखेप्रमाणे. नर्स म्हणाली, सर, तुमची फाइल किती छान आहे.

दहा दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं की पाय परत येतील असं दिसत नाही. मी "बरं" म्हणालो.

त्याच दुपारी बाईंनी मला बोलावलं. डॉक्टरही तिथे होते. टेबलावर माझी सहा पानं ओळीने मांडलेली. बाईंनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "सर, सहाही रविवारी तुम्ही बसमध्ये होता का?"

मी पानांकडे बघितलं. सहाही पानांवर माझं अक्षर सारखंच थरथरलेलं होतं. ओट्यावर बसून भरलेली आधीची सहा पानं बाजूला ठेवलेली होती, त्यांत अक्षर शाळेच्या फळ्यावरच्यासारखं होतं. बावीस वर्षांत माझा कागद कुणी असा वाचला नव्हता. मी सांगून टाकलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

डॉक्टरांनी ती पानं स्वतःकडे ओढली. मग म्हणाले, "मीही आकडाच बघितला. त्या दिवशी त्यांना उठवून चार पावलं चालायला लावलं असतं तर मला दिसलं असतं." मग ते बाईंशी बोलायला लागले, माझ्यासमोरच. यापुढे प्रत्येक भेटीत पेशंटला दारापासून खिडकीपर्यंत चालवायचं. फॉर्म घरच्यांवर सोडायचा नाही, आठवड्याला फोन करून पेशंटशीच बोलायचं. दुखतं का, असं विचारायचं नाही. या आठवड्यात कोणतं काम सोडलं, असं विचारायचं. बाई लिहून घेत होत्या. दुसऱ्या कुणाच्या तरी बापाचे पाय यातून वाचतील, हे मला समजत होतं. समजत होतं, एवढंच.

मग बाईंनी पेन पुढे केलं. मला वाटलं पानं फाडायची, नवीन भरायची. मी विचारलंसुद्धा, व्हाइटनर आहे का?

"नाही सर. खोडायचं नाही. आकड्यावर एकच रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी सही, आजची तारीख आणि कारण."

"आणि खरा आकडा?"

"तो तुमच्याकडे नाही. ती जागा रिकामी राहू द्या. काय माहीत नाही, तेही आम्हाला माहीत पाहिजे."

मी एकेक पान घेतलं. रेघ, सही, तारीख. कारण म्हणून पहिल्या पानावर लिहिलं, 'वडिलांना विचारले नाही.' दुसऱ्या पानावर तेच. सहा वेळा तेच वाक्य लिहिलं, पोरांना शिक्षा म्हणून लिहायला लावतो तसं. टेबल हलत नव्हतं, अक्षर चांगलं आलं.

वॉर्डात आलो. दादा जागेच होते. मी स्टूल ओढून बसलो आणि विचारलं, "दादा, पाठ कवापासून दुखत होती?"

त्यांनी रस्त्याकडे बघितल्यासारखं खिडकीकडे बघितलं. "तूर काढली तवापासून."

म्हणजे तिसरं पान. मी मुद्दाम एक टाकलेलं.

"मग सांगितलं का न्हाई?"

"सांगायलोच हुतो की एस.टी.त. लय कळ आली हुती, पाय बी बधिर पडल्यावानी." त्यांनी माझ्या हातातल्या फाइलकडे बघितलं. "पर तू लिव्हायला हुतास. म्हनलं शाळंचं काम चालू हाय, कशाला मधी बोलावं."