मौन हास्यात लेले औट

आता तुम्ही सगळे स्वतःला लई शाहाने समजता ना? मंग सांगा बरं, हा किस्सा कुठं जाऊन संपनार? चहा गार व्हायच्या आत ओळखून दाखवा. न्हाई जमनार. मलाच जमलं न्हाई, आन घडलं तर माझ्याच अंगावर!

चाळीस वर्सं मंडईत कांदे-बटाटे इकले मी. गाळा पोराच्या हवाली केला आन घरी बसलो. बसलो कसला, मालकिनीच्या डोक्यावरच बसलो! मिठाच्या बरनीत साखर भर, तिच्या भिशीच्या बायकांना दारातनंच ‘आज भिशी न्हाई’ म्हनून परत पाठव. डाक्टर म्हनला, बीपी वाढलंय. मालकीन म्हनली, “यांचं न्हवं, माझं मोजा!”

तवा डाक्टरनं सांगितलं, सकाळी हास्यक्लबात जावा.

गेलो. पयल्या क्लबातनं आठ दिवसांत हाकलला. समदे डोळे मिटून ओंकार करत व्हते, तवर मी सगळ्यांच्या चपला बदलल्या. डावीला डावी जोडली, उजवीला उजवी. एवढंच! दुसऱ्या क्लबात तर काय केलं बी न्हाई म्हना. तिथले सर डोळे मिटून “श्वास आत… श्वास बाहेर…” म्हनत व्हते, आन मी खुनेनं तीस जनांना उठवून मिसळ खायला घेऊन गेलो. सर अर्धा तास एकटेच श्वास घेत बसले. आता घेतला तर घेतला, त्येंचीच तब्येत सुधारली ना?

पन मालकीन लई तापली. म्हनली, “आता सारसबागंतला तिसरा क्लब. तिथनं हाकललं ना, तर दुसऱ्या दिवसापास्नं माझ्यासंगं महिला भजनी मंडळात यायचं. टाळ धरून. बायकांच्यात. पुढच्या रांगंत!”

मी हादरलो. तिच्या मंडळात मंडईतल्या निम्म्या भाजीवाल्या हायेत. त्येंच्या म्होरं मी टाळ वाजवत बसलो, तर बाजारात तोंड कसं दावू?

तर सारसबाग. तळ्यातल्या गनपतीला हात जोडले, म्हनलं, देवा, एक महिना मला मानसात ठेव. हिरवळीवर क्लब भरायचा. तिथले प्रमुख नारायन पेठेतले लेले. तोंडावर असं भाव, की हास्यक्लब न्हाई, शाळेची तपासनीच चाललीय. पयल्याच दिवशी मला म्हनले, “बबनराव, आपली कीर्ती आमच्यापर्यंत पोचली आहे. इथे हसायला यायचं, हसं करायला नाही.”

एकोनीस दिवस मी गाईवानी वागलो. सिंहहास्य केलं, मोबाईल हास्य केलं, लस्सी हास्य केलं. पन शेवटी जे मौन हास्य असतंय ना, ते आपल्या जिवाचं! समद्यांनी गोल उभं ऱ्हायाचं, ओठ गच्च मिटायचे, आन आतल्या आत हसायचं. खांदे हालनार, पोट हालनार, डोळ्यांतनं पानी येनार, पन आवाज न्हाई. ज्याचा आवाज फुटला तो औट. त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. आन बगा, येकमेकांना फोडायची पन मुभा व्हती. वेडंवाकडं तोंड करा, गुदगुल्या करा, काय बी करा. लेले मातुर कधी म्हंजे कधी फुटले न्हाईत.

मंग पुतनीच्या लग्नाला मी पंधरा दिवस गावाला गेलो. सोळाव्या दिवशी आलो, आन त्यात उशीर झाला. पळत पळत बागंत शिरतो, तर काय? समदी मंडळी गोल उभी! ओठ मिटलेले! बायकांनी रुमाल डोळ्याला लावलेले, खांदे हालतायत! मदी बाकावर येक फोटो, त्याला हार. मी म्हनलं, असंल कुनाची तरी जयंती. पुन्यात रोजच असती.

आन मौन हास्य तर काय रंगलं व्हतं! असं मी उभ्या जल्मात बघितलं न्हाई. लेल्यांच्या सुदिक डोळ्यांत पानी!

मला ऱ्हावंल का? तुम्हीच सांगा!

हळूच लेल्यांच्या मागं गेलो. आन दोन्ही बरगड्यांत बोटं घातली.

लेले “हुंऽऽक्!” करून येक हात वर उडाले.

“औट! लेले औट! चहा, चहा!” मी नाचायलाच लागलो.

कुनी हासंना. कुनी बोलंना. लेल्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की कांदा असता तर जाग्यावर भाजला असता. पन तोंडातनं शब्द न्हाई. मनगटावरचं घड्याळ बघितलं आन परत मान खाली घातली. आता कळतंय मला, दोन मिन्टं म्हंजे दोन मिन्टं! पेठेतला मानूस. घराला आग लागली तरी आदी दोन मिन्टं पुरी करनार.

मला वाटलं, आज समदे लई तयारीचे. म्हनलं, सगळ्यात कडक कोन? तर फोटोच्या शेजारी येक म्हातारी बाई, पांढरं लुगडं, कधी न बघितलेली. म्हनलं, नवीन मेंबर, हिला फोडू. तिच्या म्होरं गेलो आन माकड केलं. नाक दाबलं, कान वडले. बाई दगड! मंग डोळे तिरळे करून म्हैस केली. बाईची हनुवटी हालली. मंग म्हैस रवंथ करती तसं जबडा फिरवत सुरू केलं…

बाई खदकन् हासली! अशी हासली, की खाली बाकावरच बसली.

“दुसरी औट!” मी वरडलो.

तवर लेल्यांची दोन मिन्टं सपली. “बबनराव,” ते दात खाऊन म्हनले, “या माई आहेत. फोटोतल्या आप्पांच्या पत्नी. आप्पांनी हा क्लब सुरू केला.”

“अरे वा!” मी म्हनलं. “मंग आप्पा का न्हाई आले?”

“आले असते तर फोटो कशाला ठेवला असता?”

…आता सांगा, मी कुठं बघू? गवतात बघितलं. गवत पन हासल्यावानी वाटाय लागलं. डोळ्यांम्होरं टाळ दिसाय लागले, पुढची रांग दिसाय लागली. मी माईंचे पायच धरले. “माई, चुकलं. मला मौन हास्य वाटलं वो!”

माई डोळे पुसत म्हनल्या, “उठा हो. तेरा दिवस झाले, जो येतोय तो तोंड पाडून बसतोय आणि चहा मात्र दोन-दोन कप पितोय. ब्याण्णव वर्षांचे होऊन गेले ते, झोपेत. तुमची म्हैस पाहून मला आज जरा भूक लागल्यासारखं वाटलं.” मंग लेल्यांकडं वळून, “यांना काढू नका बरं का, लेले.”

माईंचा शबूद लेले कसा मोडनार? पन पुनेरी मानूस फुकट माफी देईल व्हय! म्हनले, “काढत नाही. पण क्लबाचं सरासरी वय पंच्याहत्तर आहे. असे प्रसंग येत राहणार. यापुढे प्रत्येक श्रद्धांजलीला फोटो तुम्ही धरायचा. बाकावर नाही ठेवायचा. दोन्ही हातांनी धरायचा, म्हणजे बोटं मोकळी राहणार नाहीत. आणि तोंडासमोर धरायचा, म्हणजे म्हैस दिसणार नाही.”

तवापास्नं सात येळा धरलाय बगा. लोकांचे फोटो बी हल्ली खिडकीएवढे! खांद्यातनं कळा येतात, नाकाला माशी बसली तरी हालवता येत न्हाई.

गेल्या बुधवारी तर हद्द झाली. येक नवीन मेंबर आला, नजर अधू. हार एवढा मोठा आनला, की फोटोला घालाय गेला आन फोटोसकट माझ्याच गळ्यात पडला. मंग त्यो खाली वाकला, माझ्या पायावर फूल ठेवलं, “चांगला माणूस होता,” म्हनला, आन हात जोडून मागं सरला. लेले म्हनले, “दोन मिनिटं स्तब्ध.”

जित्तेपनी उभा ऱ्हायलो वो, हार घालून, स्वतःच्याच श्रद्धांजलीला! आन काढनार कसा? दोन हात फोटोला लागलेले, तिसरा कुठनं आनू?