आंबिलीतली गोळी

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या गल्लीत एखाद्याचा माग बंद पडला की शेजारी आधी वीज गेली का बघतात, मग कोण वारलं का म्हणून डोकावतात. त्या आठवड्यात आमचा माग आक्कानं बंद ठेवला होता. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नवरा वारल्यापासून आमच्यातच असते. माझ्या बायकोला ताप भरला, अंगावर लाल पुरळ उठलं, आणि आक्कानं सांगून टाकलं, घरात देवी आली. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, फोडणी बंद झाली. औषधाचं तर नावच काढायचं नाही.

बायकोला एचआयव्ही आहे आणि तो माझ्यामुळं झाला, हे आक्काला ठाऊक नव्हतं. इचलकरंजीत मागावर होतो तेव्हा मी जसा वागलो, त्याची फळं तिच्या रक्तात उतरली. बेळगावात कुणी ओळखीचं बघेल म्हणून गोळ्या आणायला आम्ही निपाणीच्या सरकारी दवाखान्यात जायचो. वाटेतलं काकती गाव मागं पडलं की मग ती तोंडावरचा पदर बाजूला करायची.

मी घेतो त्या गोळ्या तिच्या किडनीला सोसल्या नाहीत, म्हणून तिला वेगळ्या दिल्या होत्या. देताना तिथल्या बाईंनी दोन गोष्टी बजावल्या. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. आणि ताप, पुरळ आलं तर घरी न थांबता लगेच यायचं. मी पहिली तेवढी धरून बसलो. दुसरी ऐकली नव्हती असं नाही. ऐकली होती.

बायको सांगत होती, ‘गोळी पोटात गेली की अंग पेटतंय बघा. माझं ऐका.’ मी ऐकलं नाही, आक्काच्या चोरून गोळी देत राहिलो. मला वाटायचं, आजार मी दिलाय, आता निदान औषध तरी चुकू देणार नाही. शेवटी तिनंच गोळी घ्यायचं सोडलं. दोन दिवसांत ताप उतरला. आई निवली म्हणत आक्कानं हात जोडले. मला मात्र धडकी भरली. गोळ्या चुकल्या, आता आजार उसळणार, ही माझ्या हातून जाणार, एवढंच डोक्यात घोळायला लागलं.

आक्कानं देवीसाठी गार आंबील केली होती. ती लिंबाचा पाला आणायला परसात गेली तेवढ्यात मी गोळी वाटीखाली चुरली, आंबिलीत कालवली. आक्का आली आणि तिनं ती आपल्या हातानं बायकोला पाजली. मी मागाजवळ उभा राहून बघत होतो. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

आक्काचं भांडं घासून होतंय न होतंय तोवर बायकोला हुडहुडी भरली. ओठ सुजले, श्वास ओढायला लागला. रिक्षात ती आक्काच्या मांडीवर होती, आणि मी पुढं, ड्रायव्हरशेजारी. मागं वळून बघायचा धीर झाला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध चालू आहे? ब्लडप्रेशर एकदम खाली गेलं होतं. आक्का म्हणाली, ‘काय न्हाय साहेब. घरात देवी हाय, औषध बंद केलंय.’ बायकोनं डोळे किलकिले करून मान डोलावली. तिच्या लेखी ते खरंच होतं. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. आक्काही बघत होती. गप्प राहिलो असतो तर माझी अब्रू राहिली असती, आणि बायको गेली असती.

‘एचआयव्हीची गोळी चालू आहे,’ मी म्हणालो. ‘तिनं सोडली होती. आज मी आंबिलीतनं दिली.’

मग पळापळ झाली. इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, ही गोळी हिला आता जन्मात द्यायची नाही; एकदा सोसली नाही आणि बंद करून परत दिली तर जीव घेते.

बाहेर आक्का बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली. आजाराबद्दल एक शब्द तिनं विचारला नाही. फक्त म्हणाली, ‘माझ्या हातानं पाजलीस रं.’

बायको वाचली. गोळी बदलली. निपाणीला आता तिच्याबरोबर आक्का जाते. नव्या गोळीचे सुरुवातीचे दिवस मी बायकोच्या कपाळाला हात लावत घरभर तिच्या मागं फिरायचो. अजूनही ती जरा खोकली की माग थांबवतो. त्या आंबिलीबद्दल तिनं मला कधी विचारलं नाही. माझ्या हातचा चहा घेताना तेवढा कप जरा तिरका करते, तळाशी बघते, आणि मग पिते.