काजवालीचा मुलगा इथे राहत नाही

काजवाली उभ्या जन्मात खोटं बोलली नव्हती. आणि बोलायला लागली तेव्हा अशी बोलली की मुरलेल्या वकिलाने तोंडात बोट घालावं.

काजवाली हे काही तिचं नाव नव्हे. शिंप्यांच्या दुकानांतून शिवलेले शर्ट तिच्याकडे यायचे आणि ती खिडकीपाशी बसून हाताने त्यांची काजं करायची, म्हणून सगळे तिला काजवाली म्हणत. नवरा लवकर गेला. त्याच सुईवर तिने एकुलता एक मुलगा वाढवला. मुलगा फ्रिज दुरुस्त करायचा. हातात कसब होतं, पण रागाला आला की आगापिछा बघायचा नाही. लग्नाला काही वर्षं होतायत तोच एका दुपारी त्याने बायकोला एका पिशवीसकट जिन्यात उभं केलं आणि दार लावून घेतलं. काजवाली तेव्हा घरातच होती. सुईत दोरा ओवत होती म्हणे. अहो, दोरा ओवायला इतका वेळ लागतो होय? पण तिने मान वर केली नाही, हे खरं.

सून रडत बसणाऱ्यातली नव्हती. ती कोर्टात गेली. दरमहा पोटगी द्यायची असा हुकूम झाला आणि नवऱ्याने तो खुशाल धाब्यावर बसवला. मग वसुलीचा अर्ज, मग नोटीस, मग तारखा, आणि कधीतरी एकदाचं वॉरंट निघालं. आता वॉरंट निघालं म्हणजे माणूस सापडला असं थोडंच आहे? बेलीफाला बिचाऱ्याला काय ठाऊक कोण कसा दिसतो. तेव्हा जिचे पैसे अडकलेत तिनेच त्याच्याबरोबर दारोदार हिंडायचं आणि बोट दाखवून सांगायचं, हाच तो.

दार काजवालीने उघडलं. बेलीफ जाडसर, घामाघूम झालेला. त्याच्या मागे पायरीवर सून.

"मुलगा आहे का घरात, आजी?"

"तो इथे राहत नाही."

"आई, मग हे बूट कोणाचे?" सुनेने विचारलं.

"माझ्या भावाचे." काजवालीला भाऊच नव्हता, आणि हे सुनेला चांगलं ठाऊक होतं. तिने बेलीफाला बोटाने बूट दाखवले. कायदा काहीही म्हणो, म्हातारीला बाजूला सारून आत घुसायचा बेलीफाचा स्वभाव नव्हता. त्याने वॉरंटच्या पाठीवर लिहिलं, 'इसम मिळून आला नाही, तो इथे राहत नसल्याचं त्याची आई सांगते,' आणि खाली तिची सही घेतली.

दार लागल्यावर मुलगा स्वयंपाकघराच्या दारामागून बाहेर आला. लहानपणी मार चुकवायलाही तो तिथेच लपायचा. "आई, तू तर नाटकात जायला हवं होतंस!" तो पोट धरून हसला. काजवालीही हसली. किती दिवसांनी पोरगं आपल्याशी हसून बोललं, याचंच तिला अप्रूप.

असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. मग एका सकाळी तो बॅग भरायला लागला. "तू तरी किती वेळा खोटं बोलशील? मी कुठे राहतो हे तुला माहीतच नसलं की प्रश्नच मिटला." केवढी माझी काळजी, असं वाटून काजवालीचे डोळे भरून आले. तिने त्याचे दोन शर्ट इस्त्री करून दिले. तो गेला, फोनचा नंबरही गेला. आणि तो इथे राहत नाही, हे खरं झालं.

त्यानंतर तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. काजं वाकडी व्हायला लागली. शिंपी आधी कुरकुरले, मग काम पाठवेनासे झाले. एकदा तर ती जिन्यावरून पडली. शेजारीण म्हणाली, मुलाला कळवा. कळवायचं कुठे? "त्याला कळलं ना, तर हातातलं काम टाकून धावत येईल," काजवाली म्हणायची. जो येईल त्याला हेच ऐकवायची. ऐकणारे मान डोलवायचे आणि आपल्या वाटेने जायचे.

आणि आली कोण, तर सून. तीसुद्धा भांडायला. नवा पत्ता आणा, त्याशिवाय पुढे काही होणार नाही, असं कोर्टात तिला सांगितलं होतं. ती दारातूनच कडाडली, "कुठे लपवलाय त्याला? पत्ता द्या, त्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"कोण आहे?" काजवालीने डोळे बारीक करून विचारलं.

सून आत आली. शेगडीवर दूध उतू जाऊन करपलं होतं आणि म्हातारीला त्याचा पत्ता नव्हता. सुनेने आधी शेगडी बंद केली.

"मला दिसत नाहीस गं. आवाजावरून आत्ता ओळखलं. पत्ता माझ्याकडेही नाही, पोरी. माझ्या गळ्याची शपथ."

"तुमच्या शपथा माझ्यापाशी नकोत. बुटांची आठवण आहे मला."

पण सरकारी दवाखान्यात रांग लावून तिचं ऑपरेशन करून आणलं ते याच सुनेने. वर डोळ्यात थेंब घालताना बजावलं, "मी काही देवमाणूस नाही, उगाच पाया पडू नका. तुम्हाला दिसायला लागलं तर तुम्ही मुलाला हुडकाल, एवढाच माझा स्वार्थ." ती औषधांच्या दुकानात कामाला होती, दिवसभर पायांवर उभी. राहायला एकच खोली, तिचंही भाडं थकलेलं. यंदा वसुली झाली नाही तर खोली सुटणार होती. हे तिने सासूला सांगितलं नाही. शेजारणीला सांगितलं, आणि शेजारणीने सासूला सांगितलं.

मग एक दिवस दुकानातला फ्रिज बिघडला. दुरुस्तीला आलेला माणूस बोलता बोलता म्हणाला, आमच्यात एक आहे, बायकोने कोर्टात खेचलं म्हणून दाढी वाढवून फिरतो. सुनेने त्याला चहा पाजला आणि पत्ता काढून घेतला.

"मी येते तुझ्याबरोबर," काजवाली म्हणाली.

"कशाला? तिथे येऊन पुन्हा नाही म्हणायला?"

"मला त्याला बघायचंय गं."

आईला मुलाचं तोंड बघायचं, तर त्याला धरायला निघालेल्या बेलीफाच्या मागून जावं लागतंय. "बेलीफ विचारेल तेव्हा खरं सांगाल?" तिने विचारलं. काजवालीने पाठ फिरवून अंथरूण घातलं. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

तीन मजले चढून तिघं वर गेली. बेलीफ तोच, आणखी जाड झालेला. दार एका तरुण बाईने उघडलं, काखेला मूल होतं. वॉरंट बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ते इथे राहत नाहीत."

काजवालीचेच ते जुने शब्द. आवाजसुद्धा तसाच, तिच्यासारखा. गॅलरीत दोरीवर शर्ट वाळत होता. नव्या डोळ्यांना सगळं लख्ख दिसत होतं. तिने दोन शर्ट इस्त्री करून दिले होते, त्यांतलाच हा एक. काजं तिच्याच हातची.

बेलीफ तिच्याकडे वळला. "आजी, तुम्ही आई आहात. काय लिहू?"

सुनेने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. काजवालीने तिच्याकडे बघितलं, त्या पोरसवदा बाईकडे बघितलं, काखेतल्या मुलाकडे बघितलं. त्याचं नाक थेट तिच्या मुलाचं होतं. एक शब्द, आणि हे घर उघडं पडणार. एक शब्द गिळला, की सुनेचं घर उघड्यावर येणार. तिला रडू कोसळलं.

"आत आहे," ती म्हणाली. "स्वयंपाकघराच्या दारामागे बघा. लहानपणापासून तिथेच लपतो."

तो आपणहून बाहेर आला. वाळलेला, दाढी वाढलेली, कानशिलं पिकलेली. घाईघाईत शर्टाची बटणं वरखाली लागली होती. बेलीफाने समजावलं, थकबाकी भरा, नाहीतर कोर्टापुढे चला, आणि तिथेही नाही भरलेत तर आत बसावं लागेल. त्याने मान हलवली. पहिल्या बायकोकडे त्याने बघितलंही नाही. बूट घालता घालता आईपाशी थांबला.

ती हात वर करून त्याची बटणं नीट लावायला लागली. त्याने लावू दिली. तेवढ्याने तिचं मन भरून आलं. वाटलं, रागावला नाही पोरगा. माझ्याशी नाही रागावला.

"ऑपरेशन नीट झालं ना गं?" तो हळूच म्हणाला. "दिसतं ना आता?"

काजवालीचा हात बटणावरच राहिला.

"तुला कोणी सांगितलं?"

"कळत होतं लोकांकडून. तू जिन्यात पडलीस तेही तेव्हाच कळलं. म्हटलं, बघेल कोणीतरी."

तिने पुढचं बटण लावलं नाही. तो बेलीफाच्या पुढून जिना उतरायला लागला, मागे दारात ती तरुण बाई मूल घेऊन रडत होती. सुनेने काजवालीचा दंड धरला. "चला आई, पायऱ्या नीट बघा."

"थांब," काजवाली म्हणाली आणि जिन्याच्या कठड्यावरून खाली ओरडली, "अहो बेलीफदादा, माझी सही राहिली!"