दाराजवळची सायकल

आई गेल्यावर वडील रेणापूरचं घर बंद करून लातूरला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा जीपच्या टपावर त्यांची सायकलही आली. आमच्या दोन खोल्यांत आधीच तीन सायकली होत्या, दोन मुलींच्या आणि जिच्यावरून मी शाळेत शिकवायला जायची ती माझी. बाहेर ठेवायला जागा नव्हती. मग वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी हूक करून आणले आणि सगळ्या भिंतीला टांगल्या. वडिलांचे गुडघे गेले होते, ते आता सायकल चालवणार नव्हते, म्हणून त्यांची सगळ्यात वर गेली.

घर मोकळं दिसू लागलं, पण वडिलांचं बाहेर जाणं थांबलं. मी काठी आणून दिली, ती त्यांनी हातातसुद्धा घेतली नाही.

एका सकाळी ते म्हणाले, "माझी सायकल खाली काढ गं."

"बाबा, तुम्हाला आता बसवणार न्हाई तिच्यावर."

"बसायचं न्हाई. धरून चालायचं हाय. काठी घेतली की लोक लई कीव करतेत."

हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, याची मला लाज वाटली. मुलींच्या मदतीनं ती सायकल उतरवून दाराजवळ ठेवली आणि तिथली माझी तिच्या वरच्या हुकावर टांगली. रोज ती वरून काढणं होईना, म्हणून मी शाळेत चालत जाऊ लागले.

शेवटच्या आजारापर्यंत वडील रोज सकाळी दोन्ही हातांनी हँडल धरून भाजी आणायला जात. वाटेत कुणी विचारलं, "पंक्चर झाली का, गुरुजी?" तर "हाव" म्हणत आणि पुढे चालू लागत.