शंकर नगरच्या मेडिकलमधल्या बाई

एकोणिसाव्या वर्षी, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मी रायपुरातली आमची मराठी वस्ती, तात्यापारा, सोडून शंकर नगरच्या मेडिकलमध्ये गेले आणि गर्भ राहू नये यासाठीची तातडीची गोळी हिंदीत मागितली. काउंटरवरच्या बाईंनी माझ्या हिंदीतली मराठी ओळखली. हळूच म्हणाल्या, "किती तास झाले?"

"तीस."

"मग घाबरून काहून राहिली? बहात्तरच्या आत घ्यायची, जेवढी लवकर तेवढी चांगली. तुझ्या वयाच्या पोट्टीलेही धोका नाही. दोन तासांत उलटी झाली तर परत ये. पाळी आठवडाभर लांबली तर तपासून घे."

स्वतःची पाण्याची बाटली पुढे सरकवून, मी गोळी गिळेपर्यंत त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

रायपुरात मराठी माणूस भेटला की आपण आधी आडनाव विचारतो, म्हणजे कुणाच्या घरचा ते कळतं. त्यांनी ते विचारलंच नाही. ते उपकार मी अजून विसरले नाही.