चादरीवरचा बूट

"ए अंकल, परमिशन है इसकी?"

हवालदार बुटासकट आमच्या पांढऱ्या चादरीवर उभा. रविवारची सकाळ, बुद्धवंदना नुकतीच आटोपलेली. आमच्या घरच्या हॉलमध्ये कॉलनीतले आमचेच सात-आठ लोक. वंदनेनंतर बाबा दर रविवारी संविधानातलं एक पान वाचून समजावतात. त्या दिवशी सांगत होते, "सरकार आपणच निवडतो. पण म्हणून त्याला वाट्टेल ते करता येत नाही. त्यालाही हद्द आहे." आणि दार लोटून हा आत.

बाबा ताडकन उठले. सावधान! टाचा जुळलेल्या, हात मांडीला चिकटलेले. आमचं घराणं महूच्या छावणीतलं, फौजी. बाबांची अर्धी जिंदगी पलटणीत गेली. वर्दी दिसली की अंग आपोआप उठतं. "सॉरी सर," म्हणाले. माझ्या वयाच्या पोराला.

तो हसला. "बराबरी तो मिल गई ना तुम लोगों को? अब ये मीटिंग काहे की? कंप्लेंट आई है. बंद करो, चादर उठाओ."

आणि बाबा वाकले हो! गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस. त्यानं बूट हलवला नाही. बाबा त्याच्या बुटाखालून चादर ओढत राहिले. कुणी पुढं झालं नाही. मीसुद्धा नाही.

शहरात विजय नगरला आयटी कंपनीत मी मॅनेजरशी बिनधास्त भांडते. इथं भिंतीला टेकून उभी राहिले. पण ती चादर ओढणारी बोटं बघवेनात.

"बाबा, सोडा ती." माझाच आवाज, चिरका. "सर, लिखित ऑर्डर दिखाइए. घर में घुसने का."

"क्या?"

"ऑर्डर. नहीं है तो बाहर."

त्यानं मोबाइल काढून माझा फोटो घेतला. "नौकरी करती हो ना? वेरिफिकेशन ऑफिस तक आएगा." आणि गेला. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. जिंकले-बिंकले काही नाही.

आठवडाभर ऑफिसात फोन वाजला की मी आधी मॅनेजरच्या केबिनकडे बघायची. पुढच्या रविवारी शेजारच्या मावशी तेवढ्या आल्या. बाबा म्हणाले, "बंद करू बेटा. तुझी नौकरी जाईल."

मला संतापच आला. "मग ते पान नुसतं पाठ करायला होतं का, बाबा?"

मी चादर अंथरली. धुऊनही बुटाचा डाग गेला नव्हता.

भीती गेलेली नाही. आजही बेल वाजली की आधी खिडकीतून डोकावते. पण दार मी उघडते आणि उंबरा अडवून उभी राहते. ऑर्डर असेल तर दाखवा, वाचेन. नसेल तर तिथंच थांबा. नोकरी जायची तर जाऊ दे.

बाबांना सांगून ठेवलंय, कुणीही येऊ दे, तुम्ही उठायचं नाही. बसूनच बोलायचं.